एकेका कामाला एकेक खोली

चि. सोनूस,



परवा व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून तू मला प्रबंधाचं तिसरं प्रकरण दाखवत होतीस. मधेच एक लेख हवा होता, तो सापडेना. वरच्या पट्टीत टॅब इतके दाटले होते की एकाचंही नाव वाचता येत नव्हतं, नुसती इवलीशी चिन्हं. तू एकेक उघडत गेलीस. शोधगंगेवरचा एक प्रबंध, मग बाबांच्या ऑपरेशनसाठी आरोग्य विम्याचं पोर्टल, मग कॉलेजचं परीक्षेचं वेळापत्रक, मग गावच्या जमिनीचा सातबारा, पुन्हा रोजगार हमीवरचं काहीतरी. विम्याचं पान उघडलं तेव्हा तू क्षणभर थांबलीस, आणि नंतर कुठला लेख शोधत होतीस तेच विसरलीस. "बंद करायची भीती वाटते गं मावशी," म्हणालीस आणि विषय बदललास. मला तो विषय सोडवेना, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आधी एक गोष्ट सांगते. हा तुझा गबाळेपणा नव्हे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोक इतके टॅब उघडे का ठेवतात याचा अभ्यास केला आणि 2021 साली तो प्रसिद्ध केला. त्यात तुझीच भीती सापडते. पान नजरेआड झालं की ते कायमचं गेलं, पुन्हा काही आपण त्याच्याकडे वळणार नाही, अशी धास्ती लोकांना वाटते. शिवाय उघडा टॅब ही आठवणीची चिठ्ठी असते, हे करायचं राहिलंय असं सांगणारी. म्हणून 'पाचच टॅब ठेवा, बाकीचे बंद करा' हा सल्ला मला कधीच पटला नाही. तुझ्या त्या पट्टीत बाबांचं ऑपरेशन आहे, तुझी कॉलेजातली नोकरी आहे, इतक्या वर्षांचा अभ्यास आहे. यातलं काय टाकून द्यायचं?

अडचण संख्येची नाही, सरमिसळीची आहे. सोफी लरॉय या अभ्यासकाने 2009 साली दाखवून दिलं की एक काम अपुरं सोडून दुसरं हातात घेतलं की मनाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळतो आणि दुसरं काम त्याची किंमत मोजतं. प्रबंधासाठी 1972 च्या दुष्काळातल्या मजुरांबद्दल वाचताना बोटभर अंतरावर विम्याचं चिन्ह दिसत असेल, तर तू पुरती त्या मजुरांपाशी असूच शकत नाहीस. आणि विम्याचा फॉर्म भरताना पुरती बाबांपाशीही नसतेस.

यावरचा उपाय वेबहूनही जुना आहे. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची पार्क नावाची प्रसिद्ध प्रयोगशाळा होती. तिथे ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी 1986 साली 'रूम्स' नावाची रचना मांडली. पडदा लहान, विंडो अनेक, आणि माणूस सारखा एक बाजूला सारून दुसरी वर आणतोय, हे त्यांनी बघितलं होतं. त्यांना जाणवलं की माणूस विंडो सुट्या सुट्या वापरत नाही. एका कामाला लागणाऱ्या चारपाच एकत्र वापरतो, काम बदललं की दुसऱ्या चारपाच. हा विचार त्यांनी घेतला संगणकाच्या मेमरीच्या शास्त्रातून. पीटर डेनिंग यांनी 1968 साली मांडलं होतं की कुठल्याही प्रोग्रामला एका वेळी माहितीचा एक ठरावीक संच हाताशी लागतो. तेवढी जागा मिळाली नाही तर यंत्राचा सगळा वेळ माहिती आत-बाहेर नेण्यात जातो आणि मूळ काम ठप्प होतं. परवा तू एकेक टॅब उघडून बघत होतीस, तेव्हा नेमकं हेच चाललं होतं.

हेंडरसन आणि कार्ड यांनी प्रत्येक कामाला पडद्यावर एक खोली दिली. एकीतून दुसरीत जायला दारं होती, आणि सगळ्या खोल्या एका नजरेत दिसतील असा नकाशाही होता. आजोळचं घर आठव. ओटीवर आल्यागेल्याशी बोलणं, माजघरात निजानीज, मागच्या पडवीत कांडण-निवडण. घर मोठं होतं म्हणून ते सुखाचं नव्हतं. ज्या जागेत पाऊल टाकलं तिथलंच काम समोर असायचं, म्हणून होतं. 'रूम्स'मधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे खिसा. घड्याळासारखी जी वस्तू प्रत्येक खोलीत लागते ती खिशात ठेवायची, म्हणजे ती आपल्याबरोबर सगळीकडे येते.

ही सोय घरोघरी पोचायला मात्र फार वर्षं गेली. मॅकवर ती 'स्पेसेस' या नावाने 2007 मध्ये आली, विंडोजमध्ये थेट 2015 साली. दरम्यान टॅब रुळले होते. 2004 च्या फायरफॉक्सने ते लोकप्रिय केले, 2006 मध्ये इंटरनेट एक्सप्लोररनेही घेतले. विंडोंची गर्दी हटवायला आलेले टॅब स्वतःच गर्दी होऊन बसले, आणि खोल्या हाताशी आल्या तोवर सगळा संसार एका पट्टीत मांडायची सवय आपल्याला लागली होती.

तुझा लॅपटॉप विंडोजचा आहे. विंडोजची कळ आणि टॅबची कळ एकत्र दाब, म्हणजे सगळे डेस्कटॉप ओळीने दिसतील. तिथेच नवा करता येतो, त्याला नाव देता येतं. विंडोज 11 मध्ये प्रत्येकाला वेगळं चित्रही लावता येतं, ते जरूर लाव. नाव वाचण्याआधी रंगावरून कळतं आपण कुठे आहोत ते. कंट्रोल आणि विंडोजची कळ धरून बाण दाबला की शेजारच्या डेस्कटॉपवर जाता येतं. विवाल्डी आणि ऑपेरा या ब्राउझरांत आतल्या आतही वर्कस्पेस आहेत, सफारीत टॅबचे गट आहेत. चांगले आहेत, पण तुला मी डेस्कटॉपच सुचवीन. तुझं काम नुसत्या टॅबमध्ये नसतं. प्रबंधाची वर्ड फाइल आणि गॅझेटियरची पीडीएफ त्याच खोलीत हवी.

कॉलेजसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइलही कर. डेस्कटॉप वेगळा केला तरी लॉगिन एकच राहतं. प्रोफाइल वेगळं केलं की लॉगिन, इतिहास, बुकमार्क सगळंच निराळं होतं, आणि कॉलेजच्या मेलवरून विमावाल्यांना उत्तर जाण्याची धास्ती उरत नाही.

खोल्या पाडताना एक पथ्य पाळ. खोली ज्याला शेवट आहे अशा कामाची असावी. 'तिसरं प्रकरण', 'बाबांचं ऑपरेशन', 'गावची जमीन', आणि कॉलेजची या सत्रापुरती. 'नंतर वाचू' अशी खोली करू नकोस. तिचा माळा होतो, आणि माळ्यावरचं कोणी खाली काढत नाही. खिशात शब्दकोश आणि कॅलेंडर ठेव. विंडोज आणि टॅबची कळ दाबल्यावर त्या विंडोचं छोटं चित्र दिसतं, त्यावर उजवी क्लिक करून ती सर्व डेस्कटॉपवर दिसेल अशी करता येते. मेल खिशात घालू नकोस. मेल खिशात असली की प्रत्येक खोलीत सगळं जग आत येतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. त्याच लरॉय यांनी 2018 मध्ये थेरेसा ग्लॉम्ब यांच्याबरोबर आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधेच उठावं लागलेल्या माणसाने उठण्याआधी, आपण कुठे थांबलो आणि परतल्यावर पहिल्यांदा काय करायचं, एवढं थोडक्यात लिहून ठेवलं, तर त्याचं मन पुढच्या कामाला मोकळं होतं. मिनिटभराचं काम आहे. प्रत्येक डेस्कटॉपवर एक साधी नोट उघडी ठेव आणि निघताना तीत लिही: 'मजुरीच्या दरांचा तक्ता अर्धा झालाय, आधी 1977 च्या रोजगार हमी कायद्यातलं कलम बघायचं.' किंवा 'डॉक्टरांची सही बाकी, मंगळवारी फोन.' आठवणीचं जे काम आज ते टॅब करताहेत, ते ही एक ओळ त्यांच्याहून चांगलं करते. टॅब फक्त पान दाखवतो. त्या पानाशी तुझं काय अडलं होतं, ते त्याला माहीत नसतं.

विम्याचं पोर्टल उघडं ठेवून तर काहीच हाती लागत नाही. थोडा वेळ गेला की ते तुला बाहेर काढतं, आणि पुन्हा ओटीपी आलाच. त्यापेक्षा क्लेमचा नंबर नोटमध्ये उतरव. सातबारा डिजिटल स्वाक्षरीचा 15 रुपयांत मिळतो, तो उतरवून घे आणि तो टॅब मिटव. चुकून काही बंद झालंच तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाब, शेवटी मिटलेला टॅब परत येतो. रात्री उठताना कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबलंस तर त्या विंडोतले सगळे टॅब बुकमार्कच्या एका फोल्डरमध्ये जातात. फोल्डरला कामाचं नाव दे. लॅपटॉप बंद करून सुरू केल्यावर डेस्कटॉप असतात, पण कुठली विंडो कुठे होती यासाठी त्यांच्यावर विसंबू नकोस.

फोल्डर आणि नोटचं मी आग्रहाने सांगते याला कारण आहे. फायरफॉक्समध्ये पॅनोरमा नावाची सोय होती, आझा रास्किन यांनी 2010 मध्ये दाखवलेली. मोकळ्या पटावर टॅबचे गट मांडता यायचे. मला ती मनापासून आवडायची. वापरणारे थोडे, म्हणून 2016 मध्ये ती काढून टाकली. तू वापरशील त्या सोयीचंही असं होऊ शकतं. फोल्डर आणि नोट मात्र कुठल्याही संगणकावर उघडतील.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस. पहिली खोली बाबांची कर. अ‍ॅडमिशनच्या आधी विम्याची पूर्वमंजुरी लागेल, तेव्हा पॉलिसी, रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र आणि विमा डेस्कचा नंबर त्या एका जागी असू देत. तुझ्या आईलाही ती खोली उघडून दाखव, म्हणजे तू वर्गावर असताना तिला कागद सापडतील. ती संगणकाला बिचकते, म्हणून नोटमधल्या ओळी मराठीत आणि मोठ्या अक्षरात लिही. प्रबंधाची खोली रविवारी मी आले की दोघी मिळून लावू. तोवर तिसऱ्या प्रकरणाचे टॅब आहेत तसे राहू देत, एकही बंद करू नकोस.

तुझी,
मावशी