चाळीस मुलाखती कशाला?

वर्धा

चि. चिमणे,


रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आत्या, मला दहा आठवड्यांत चाळीस बायकांच्या मुलाखती हव्यात. तुझ्या ओळखीतल्या असल्या तर बरं." राहण्याचं विचारलंस, त्याचं उत्तर सोपं आहे. वरची खोली तुझीच आहे, कूलर दुरुस्त करून ठेवते. पण तो चाळीसचा आकडा डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

फेलोशिप मिळाल्याचा आनंद मला किती झालाय हे दादाने सांगितलंच असेल. कोलंबिया विद्यापीठात मानवी हक्क शिकणाऱ्या मुलीला कामासाठी आपलं वर्धा आठवलं, याचा अभिमान वाटतो गं. म्हणूनच रागावतेही आहे. दुसरी कोणी असती तर दोन संस्थांचे पत्ते देऊन मोकळी झाले असते.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ज्या विधवांकडे तू जाणार, त्यांच्या घरी काय होतं ते ऐक. बाई चहा ठेवते. मग पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढते. तिच्यात नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, पोस्टमार्टेमचा कागद, बँकेची नोटीस, सातबारा आणि घड्या पडून चिरलेला पंचनामा. न विचारताच ती बोलायला लागते, फवारणीचं औषध त्यांनी कधी घेतलं, दवाखान्यात न्यायला गाडी कोणाची मिळाली. पोलिसांना, तलाठ्याला, पत्रकारांना आणि तुझ्यासारख्या अभ्यासकांना सांगून सांगून तिला ते पाठ झालंय. दारी आलेल्याला ती नाही म्हणत नाही. तिच्या या 'हो'ला तुमच्या संमतीपत्रावरची सही समजू नकोस, चिमणे.

तिला हवं असतं ते त्या पिशवीतल्या कागदांचं पुढे काहीतरी होणं. जानेवारी २००६ पासून सरकारची मदत एक लाखाची, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. जमीन नवऱ्याच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं हवं आणि ते थकलेलं हवं. बिनपरवान्याच्या सावकाराकडून घेतलं असेल तर मरण 'अपात्र'. आणि पात्र ठरलं, तरी सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल तर बाई राबते त्या वावरात तिचं नाव कुठेच नसतं. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ जणींची पाहणी केली, तेव्हा चाळीस टक्के बायकांना कसत्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. तुझे चाळीस जबाब त्यात नवीन काय घालणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, आणि ते मी मरेपर्यंत म्हणणार: हक्कावर लिहायचं असेल तर आधी एक तरी हक्क पदरात पाडून दे. वारसाची नोंद कशी होते, फेरफार कुठे अडतो, निराधार योजनेचा अर्ज कोणत्या कागदावाचून परत येतो, हे तहसीलच्या व्हरांड्यात चार बायांबरोबर बसून शीक. जून २०१९ मध्ये या बायकांसाठी सरकारने वेगळा शासन निर्णय काढला आहे. तो वाचून ये, मराठीतून.

लोकांच्या कामी येणारी पाहणी कशी असते ते बघ. तुझ्याच विद्यापीठात अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा शिकले, प्रा. सेलिग्मन यांच्याकडे. बाबासाहेबही त्यांचेच विद्यार्थी. परत आल्यावर कुमारप्पांनी गुजरात विद्यापीठाची मुलं घेऊन मातर तालुक्यातल्या गावांची आर्थिक पाहणी केली. शेतकऱ्याला सारा झेपतो की नाही, हा तिथल्या लोकांचा प्रश्न होता आणि पाहणी त्या प्रश्नासाठी होती. पुढे हाच माणूस इथे मगनवाडीत येऊन ग्रामोद्योग संघाचं काम करत राहिला. मगन संग्रहालयात तुला लहानपणी नेलं होतं, तू घाण्याच्या बैलासाठी रडलीस. आता गेलीस की कुमारप्पांची ती पाहणी आठवून बघ.

परदेशातून तरुण मुलांनी संस्थांत यावं, हे मला हवंच आहे. अमेरिकन इंडिया फाउंडेशन २००१ पासून मुलं पाठवते, पण दहा महिन्यांसाठी. आपल्या सेवाग्रामच्या मेडिकलची पोरं पहिल्याच वर्षी गावात शिबिराला राहतात, त्यांना कुटुंबं वाटून दिलेली असतात आणि त्या घरांत ती पुढेही जात राहतात. तुझे दहा आठवडे म्हणजे जून ते ऑगस्ट. मृगाची पेरणी, मग डवरणी, निंदण. बाया सकाळी वावरात जातात त्या दिवेलागणीलाच परततात. दिवसा मुलाखत म्हणजे तिची रोजी बुडाली. ती तुमच्या अर्जाच्या खर्चात धरली आहे का गं?

आणखी एक काळजी. ओसीआय कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे संशोधनासाठी वेगळी परवानगी लागते. ती नसताना तू गावात फिरलीस, तर तू विमानात बसून जाशील आणि चौकशीला तुला मदत करणाऱ्या संस्थेतल्या पोरी बसतील. फेलोशिपमधले पैसे संस्थेला देईन म्हणालीस, तेही परस्पर करू नकोस. एफसीआरएची नोंदणी नसेल तर परदेशी पैसा घेतल्याने ती संस्थाच अडचणीत येईल.

तिकीट काढण्याआधी तुझ्या विद्यापीठातल्या मॅडमना एकच विचार. अहवालात नाव बदललं तरी गावात बाई ओळखू येतेच. सप्टेंबरात तिच्या दिराने त्यावरून भांडण काढलं, तिला घराबाहेर काढलं, तर तिचा फोन तुमच्याकडे कोण उचलणार? त्यांनी माणसाचं नाव सांगितलं तर मुलाखतींचं बघू. नाही सांगता आलं तरी तू ये, पण टेप रेकॉर्डर घरी ठेवून. चाळीस नको, तीन घरं घे, त्यांचे कागद मार्गी लागेपर्यंत माझ्याबरोबर तहसीलच्या खेपा घाल, आणि जे लिहिशील त्याची मराठी प्रत आधी त्या घरांत वाचून दाखव. तुझ्या विद्यापीठाला ते चालणार नसेल, तर मला त्यांचा पत्ता कळव. मी त्यांनाही लिहीन.

वहिनीला नमस्कार सांग, गुडघ्याचं औषध चुकवू नको म्हणावं. उत्तर लवकर पाठव.

तुझी,
आत्या