कालिया आणि काठावरचे लोक

अचाट शक्तीचा वीर आणि त्याने एकट्याने अंगावर घेतलेले संकट, ही मनुष्याच्या कल्पनेची फार जुनी आवड आहे. १९३८ साली अमेरिकेत सुपरमॅन अवतरला आणि त्याच्यामागून मुखवटे व झगे घातलेल्या वीरांची रीघच लागली. आज आमच्या रोह्याच्या घरातही सुटीच्या दिवशी मुलांची सारी पंगत त्यांच्याच चित्रपटांपुढे बसते. वडील मंडळींना हा परदेशी पोरखेळ वाटतो. मला मात्र अशा वेळी दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ची आठवण होते. १९१९ सालचा हा मूकपट अतिमानवी वीराचाच आहे, आणि त्यातील खुणा कित्येक बोलपटांहून अधिक बोलक्या आहेत.

त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ती कृष्ण म्हणून येत नाही. साधी मुलगी म्हणून समोर येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव उमटवून दाखविते, आणि मग देवाची भूमिका घेते. परदेशी वीर पराक्रमापूर्वी मुखवटा चढवितो. येथे पराक्रमापूर्वी चेहरा उघडा करून दाखविला आहे. सामर्थ्य वेषात नसते, कोणत्याही घरच्या लेकरात ते जागे होऊ शकते, असाच अर्थ मी त्यातून घेतो.

दुसरी खूण त्याहून सूचक आहे. पाण्याखाली कृष्ण व कालिया झुंजत असता फाळके आपल्याला वारंवार काठावर नेतात. तेथे व्याकुळ यशोदा आहे, भेदरलेले गोकुळ आहे. प्रेक्षक स्वतःला कृष्णाच्या जागी कल्पितो खरा. पण तो असतो त्या काठावरच्या गर्दीतला!

पुराणकथेतून काळाचे बोलणे ऐकण्याची सवय मराठी प्रेक्षकाला त्यापूर्वीच लागलेली होती. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि सैरंध्री म्हणजे पारतंत्र्यातील भारतभूमी, हे कोणी फोड करून सांगावे लागले नाही. सरकारलाही ते उमगले, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. प्रतीकाचे बळ असे असते. ते प्रेक्षकाच्या मनात आधीच सलत असलेल्या गोष्टीला हात घालते.

मग आज रोह्यात बसून ‘कालिया मर्दन’ पाहणाऱ्याच्या मनात काय सलावे? भिऱ्याकडून वाहत येणारी आमची कुंडलिका कोलाड व रोहा ओलांडून रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. गावालगत धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने महाराष्ट्रातील ५३ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले, त्यांत कुंडलिकेचेही नाव होते. कालियाचा डोह आम्हांला पुराणात शोधावा लागत नाही.

एका रविवारी मुलांना हा मूकपट दाखविला. कृष्णाने कालियाला ठार न मारता समुद्रात जावयास सांगितले, ही भागवतातील गोष्ट आजींनी पुढे जोडली. त्यावर धाकट्या पुतणीने विचारले, “पण आजी, मग समुद्रातले मासे मेले नाहीत का?” सारे हसले. मला मात्र हसू आले नाही. आपल्या दारचे विष खाली लोटून द्यावे आणि डोह निवळला म्हणून आनंद मानावा, या आपल्या जुन्या समाधानावरच त्या पोरीने बोट ठेविले होते. खाडीच्या कडेने राहणाऱ्या कोळ्याच्या घरातही असेच एखादे मूल असेल.

तथापि त्या कथेत आणखी एक खोच आहे. कालिया डोहात आला तो गरुडाच्या भयाने. कृष्णाने त्याच्या फणांवर आपल्या पावलांची खूण उमटविली आणि गरुडाचे भय फेडले, तेव्हाच त्याला डोह सोडता आला. दुष्टाच्या मागे असलेली अडचण ओळखल्यावाचून त्याचे निवारण होत नाही. कारखान्यांवर कितीतरी घरांच्या चुली चालतात. त्यांना नुसते खलनायक ठरविणे सोपे, पण अपुरे आहे. सांडपाणी शुद्ध करूनच सोडले जाईल आणि कोणाची भाकरीही जाणार नाही, अशी व्यवस्था आग्रहाने मागणे व ती पाळली जाते की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहणे, हेच आजचे मर्दन होय.

या कामाला मुखवटा लागत नाही, झगाही लागत नाही. मुलांनी वीरांचे चित्रपट खुशाल पाहावेत. मात्र वीराची वाट पाहत काठावर उभे राहण्याची सवय त्यांना आपल्याकडून लागू नये, एवढी काळजी घरातील वडीलधाऱ्यांनी वाहिली पाहिजे.