समास आणि विग्रह

तीन तपें संस्कृत शिकवितांना ‘समास’ हा शब्द मला रोज दोन अर्थांनीं उच्चारावा लागे. फळ्यापाशीं उभें असतां तो शब्दांचा समास. वह्या तपासतांना तो पानाच्या डाव्या बाजूस सोडावयाचा कोरा पट्टा. सेवानिवृत्तीनंतर हे दोन्ही समास संगणकाच्या शास्त्रांत पुन्हां भेटले. मी केवळ मॅट्रिक झालेला मनुष्य. तरी जें समजलें तें सोप्या शब्दांत वाचकांपुढें ठेवावें, असें वाटल्यावरून हा लेख.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या समांतर संगणनाचा अभ्यास करते. एखादें प्रचंड गणित एका यंत्राच्या आवांक्याबाहेरचें असलें, म्हणजे तें अनेक यंत्रांत वाटून देतात. प्रत्येकाची स्मृति स्वतंत्र. शेजाऱ्याच्या स्मृतींत डोकावण्याची कोणासही मुभा नाहीं. एकाजवळील आंकडे दुसऱ्यास हवे असतील तर ते संदेशानेंच धाडावे लागतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर चाले. त्यांतील ट्रान्सप्युटर एकमेकांस संदेश पाठवीत. पुढें १९९४ सालीं अशा संदेशांचे सामाईक नियम ‘मेसेज पासिंग इंटरफेस’, संक्षेपानें एम.पी.आय., या नांवानें प्रसिद्ध झाले.

गेल्या वर्षीं चातुर्मासांत मुलीचें काम अडून बसलें. गणित चाले, उत्तरें येत, पण तीं चुकीचीं येत. यंत्र थांबतही नसे आणि तक्रारही करीत नसे. प्रबंध सादर करावयास तीन आठवडे उरले होते. तिचें जेवणांतलें लक्ष उडालें. एका रात्रीं ती माझ्यापाशीं येऊन बसली व म्हणाली, “काका, तुम्हांला सगळें समजावून सांगतें. सांगतां सांगतां मलाच कांहीं सांपडेल.” मीं पाटी पुढें ओढली.

संदेशांत सुटे आंकडे पाठवितात, तसेच निरनिराळ्या जातींचे आंकडे व अक्षरें जोडून केलेला संयुक्त प्रकारही पाठवितां येतो. हा झाला पहिला समास. समजा, त्यांत आठ बाइटांची एक दशांश-संख्या आणि एका बाइटाचें एक अक्षर आहे. बेरीज नऊ. परंतु पुष्कळ यंत्रांना अशी संख्या आठानें भाग जाणाऱ्या पत्त्यावरच ठेवलेली हवी असते. म्हणून पुढली जोडी नीट बसावी यासाठीं अक्षरामागें सात बाइट कोरे सोडतात, आणि जोडी सोळा बाइटांची जागा अडविते. हा झाला दुसरा समास. यास्तव एम.पी.आय.मध्यें दोन निरनिराळे प्रश्न आहेत. ‘टाइप-साइझ’ विचारलें तर नऊ हें उत्तर येतें. ‘टाइप-गेट-एक्स्टेंट’ विचारलें तर आरंभाची सीमा आणि सोळा हा विस्तार, अशीं दोन उत्तरें येतात. पोथीच्या पानावरील अक्षरें मोजणें निराळें आणि पानाची लांबी मोजणें निराळें, तसेंच हें.

मुलीची अडचण कोष्टकाच्या स्तंभांची होती. तिच्या खऱ्या कोष्टकांत हजारों संख्या. आम्हीं पाटीवर चार ओळी व चार स्तंभ अशीं सोळाच घरें आंखलीं. ती वापरीत असलेल्या सी भाषेंत कोष्टक स्मृतींत ओळीमागून ओळ असें मांडलें जातें. फोर्ट्रानमध्यें याच्या उलट, स्तंभामागून स्तंभ. त्यामुळें सी भाषेंत एका स्तंभाच्या चार संख्या पहिल्या, पांचव्या, नवव्या व तेराव्या घरांत विखुरतात. त्यांचा ऐवज बत्तीस बाइट. पण पहिलीच्या आरंभापासून शेवटचीच्या अंतापर्यंत अंतर १०४ बाइट. असे दोन स्तंभ एकामागून एक पाठवा म्हटलें, कीं यंत्र दुसऱ्याचा आरंभ १०४ बाइटांवर, म्हणजे चौदाव्या घरापाशीं धरतें. वस्तुतः तो दुसऱ्या घरापासून, अवघ्या आठ बाइटांवर, व्हावयास हवा. चौदाव्यापासून चारचार घरें पुढें गेल्यास उरलेल्या तीन संख्या कोष्टकाच्या बाहेरूनच येणार!

पाटीवर बोट ठेवून आम्हीं घरें मोजलीं. चौदा, अठरा, आणि अठरावें घरच नाहीं! मुलगी तशीच उठली आणि तिनें यंत्राला प्रश्न विचारले. उत्तरें आलीं : बत्तीस आणि १०४.

उपाय लहानसाच होता. ‘टाइप-क्रिएट-रिसाइझ्ड’ या सोयीनें त्या प्रकाराचा विस्तार आठ बाइट आहे असें जाहीर करावयाचें, म्हणजे पुढला स्तंभ योग्य जागीं सुरू होतो. परंतु जाहीर केलेला विस्तार व प्रत्यक्ष पसारा हे आतां वेगळे झाले. पसारा विचारण्यासाठीं तिसरा प्रश्न आहे, ‘टाइप-गेट-ट्रू-एक्स्टेंट’. त्याचें उत्तर पूर्वीप्रमाणेंच १०४. दोन स्तंभांना किती जागा राखावी? १०४ मध्यें आठ मिळवून ११२.

दुसऱ्याच्या हातचा संयुक्त प्रकार समोर आला तर त्याचा विग्रहही करतां येतो. ‘गेट-एन्व्हलप’ विचारलें कीं समास कोणत्या जातीचा तें कळतें. ‘गेट-कंटेंट्स’ त्याचे घटक हातीं देतें. घटक स्वतः सामासिक असेल तर त्याचा पुन्हां विग्रह करावा. मूळच्या साध्या प्रकाराचा मात्र विग्रह मागूं नये; तसें करणें नियमबाह्य आहे. हें ऐकून मला माझा वर्गच आठवला.

वाचक विचारतील, हा सारा हिशेब हातानें कां करूं नये? कारण कोरी जागा किती सुटेल हें यंत्रावर व भाषांतर करणाऱ्या कंपायलरवर अवलंबून असतें. आज येथें सोळा, उद्यां अन्यत्र बारा. नियमांचेंही तसेंच. १९९४ सालचा ‘टाइप-एक्स्टेंट’ हा प्रश्न १९९७ सालीं मागें पडला आणि २०१२ सालच्या तिसऱ्या आवृत्तींतून काढून टाकण्यांत आला. जुन्या पुस्तकांत तो अजून भेटतो. पाठांतरास मी कधीं कमी लेखलें नाहीं, पण ज्याचें माप जागेप्रमाणें बदलतें तें पाठ करून भागत नाहीं. तें त्या त्या ठिकाणीं विचारूनच घ्यावें लागतें.

एकत्र कुटुंबांत राहणारांना हें निराळें सांगावयास नको. एकाद्याचें सामान किती तें डोळ्यांना दिसतें. त्याला जागा किती लागते तें विचारल्यावांचून कळत नाहीं. त्या रात्रीनंतर आमच्या वहिनींनीं मुलीला सरळ विचारलें, “तुला काय हवें, तें तरी सांग.” तिनें निराळी खोली मागितली नाहीं, कीं नवें टेबल मागितलें नाहीं. दुपारीं दोन ते चार कोणी हाक मारूं नये, एवढेंच तिचें मागणें होतें. तें पाळलें गेलें, आणि प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधीं सादर झाला.