अबोला नव्हे

अबोला मराठी घरांना नवा नाही. रुसलेले मूल दोन दिवस बोलत नाही; तिसऱ्या दिवशी आवडीचा पदार्थ पानात पडला की अबोला सुटतो. परंतु धरलेला अबोला निराळा आणि आजाराने आटलेले बोलणे निराळे. आमच्या डिंडोलीत हा भेद ओळखणे अधिकच अवघड जाते.

सुरतेच्या कापडधंद्यासाठी धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली घरे येथे नांदत आहेत. मूल आजीशी अहिराणी बोलते, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शेजारच्या परप्रांतीय सोबत्यांशी हिंदी. ते गप्प झाले की कारण तयारच असते : 'गुजरातीला बुजतो.' आमचा भाचा नववीत असताना अबोल होऊ लागला, तेव्हा सर्वांनी हेच म्हटले. आजीला मात्र ते पटले नाही. "जेवना का रे?" या तिच्या रोजच्या प्रश्नालाही उत्तर उशिरा आणि एका शब्दात येऊ लागले होते. बुजरे मूल परक्या भाषेत गप्प बसते. हा मायबोलीतही गप्प झाला होता. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान केले.

नैराश्यात विचारांची गती मंदावते. शब्द सापडेपर्यंत ऐकणाऱ्याचा धीर सुटतो. चिंताविकारात वाक्य मनातच घोटले जाते आणि बोलण्याची वेळ निघून जाते. काही मुले घरी बोलकी व बाहेर मुकी असतात, तेही चिंतेपोटीच. छिन्नमनस्कतेत एका वाक्याचा धागा पुढच्याशी जुळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकार असतो. थट्टा ओळखणे, आपली पाळी येईतो थांबणे, न पटलेले सौम्यपणे सांगणे, ही विद्या याच वयात सवंगड्यांत मुरते. आजार तो सराव हिरावून घेतो. म्हणूनच मन सावरले तरी जीभ लगेच मोकळी होत नाही. उपचार सुरू झाल्यावर कित्येक महिन्यांनी, आजीशेजारी शेंगा सोलताना, तिच्याकडे न पाहता, भाचा पुन्हा आपणहून बोलू लागला.

मुलाने बोलावे असे वाटत असेल तर आधी घराने बोलले पाहिजे. 'पुढे लग्न कसे जमेल?' या धास्तीने आपण आजार झाकतो. आपल्याच खानदेशातले, धुळ्याचे प्रा. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीची छिन्नमनस्कता लपविली नाही. त्यांनी पुण्यात रुग्णांसाठी व कुटुंबीयांसाठी संस्था उभारली, आणि त्यांच्या पुढाकाराने २००४ साली 'देवराई' हा चित्रपट निघाला.

पूर्वी बोलके असलेले मूल काही आठवडे मिटून राहिले, तर त्यास रागे भरू नये. सुरतेच्या नव्या सिव्हिल रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. आणि घरी? प्रश्न एकच विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.