पे-स्लिपच्या मागच्या बाजूला

१
फ्लॉरेन्स नाइटिंगेलला वडील वर्षाला ५०० पौंड देत. १८५३मध्ये तिने लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या आजारी स्त्रियांच्या संस्थेचा कारभार हाती घेतला, तो बिनपगारी. १२ मेच्या, परिचारिका दिनाच्या भाषणांत तिचा दिवा येतो. ५०० पौंड येत नाहीत.

२
नाइटिंगेल गेली त्याच क्रिमियाच्या युद्धात मेरी सीकोल गेली ती स्वतःच्या पैशाने. जमैकाची बाई, सरकारने घेतले नाही म्हणून आपली आपण गेली. बालाक्लाव्हाजवळ खानावळ आणि दुकान काढले, सैनिकांना जेवू घातले, औषधपाणी केले. युद्ध संपले आणि माल अंगावर पडला. १८५६मध्ये दिवाळे निघाले. पुढच्या वर्षी तिच्या मदतीसाठी लंडनमध्ये मोठा जलसा झाला. गर्दी उसळली. तिच्या हाती फारसे आले नाही.

३
पेशंटची लघवी आम्ही मिलिलिटरमध्ये लिहितो. त्या रकान्यात ‘बरी झाली’ असे कुणी लिहिले तर इन्चार्ज सिस्टर पान फाडतील. पगार किती हातात येतो, असे विचारले तर आमच्यातल्या पुष्कळ जणी सांगतात, “येतो बऱ्यापैकी.”

४
जेवणाच्या टेबलावर दोघी. एक २००४ला नोकरीला लागलेली, एक २००७ला. वॉर्ड तोच, काम तेच, भाजीसुद्धा वाटून घेतलेली. राज्य सरकारच्या जुन्या पेन्शनची १ नोव्हेंबर २००५ ही रेघ दोघींच्या मधून जाते. अलीकडचीला निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्म्या हिशेबाने पेन्शन. पलीकडचीच्या मूळ पगार अधिक महागाई भत्त्यातून १० टक्के कापले जातात, सरकार १४ टक्के घालते आणि पुढचे बाजार बघतो. भरतीची जाहिरात रेघेआधीची असेल तर नंतर जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. हिची जाहिरात २००६ची.

मार्च २०२३च्या संपात दोघीही ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ओरडत होत्या. २००४ची शेजारणीसाठी ओरडत होती, आणि जास्त मोठ्याने.

आता गंमत. एनएव्ही म्हणजे काय, हे २००७चीला झोपेतून उठवून विचारा. ती दरवर्षी स्टेटमेंट काढते, सरकारचा वाटा वेळेवर जमा झाला का ते ताडून बघते. २००४चीला तिच्या भविष्य निर्वाह निधीत किती साठलेत विचारले. म्हणाली, “असतील की.” जिची पेन्शन गेली तिला शिकावे लागले. शिक्षणाचा हा मार्ग मी कुणाला सुचवणार नाही.

५
पीपीएफचे व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर धरतात. ६ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचे काही नाही. १२,५०० रुपये असतील तर ७.१ टक्क्यांनी ७४ रुपये गेले. रक्कम क्षुल्लक आहे. पण रात्रपाळी उतरून पोस्टाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला ती तारीख ठाऊक नसावी, याचे वाईट वाटते. अँटिबायोटिकची वेळ तिने आयुष्यात कधी चुकवलेली नाही.

६
भिशी. बारा जणी, महिन्याला पाच हजार, चिठ्ठी. पहिल्या महिन्यात जिचे नाव निघाले तिला बिनव्याजी कर्ज मिळाले. शेवटच्या महिन्यात निघाले तिने अकरा जणींना ते दिले. मी वहीत मांडून दाखवले. सगळ्यांना पटले. पुढच्या फेरीला तेरावी आली.

मग माझ्याही लक्षात आले. एसआयपी थांबवली तर कुणी विचारत नाही. मोबाइलवर दोनदा बोट लावले की झाले. भिशीचा हप्ता चुकवला तर सकाळी ओव्हर घेताना जिची चिठ्ठी निघाली तिचेच तोंड बघायचे असते. आमच्या वॉर्डात एसआयपी बंद केलेल्या तिघी आहेत. भिशी मोडलेली एकही नाही.

७
पेशंटचे नातेवाईक: “सिस्टर, तुम्हाला काय कमी? सरकारी नोकरी.” 
त्याच दिवशी माझा भाऊ, फोनवर, हेच.

८
खासगी नर्सिंग होममधली एक मुलगी ओळखीची आहे. जीएनएम झालेली, हातात पंधरा हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. समितीने सुचवले: २००हून जास्त खाटा असतील तर पगार सरकारी परिचारिकेइतका, पन्नासपेक्षा कमी असतील तरी निदान २०,०००. तिला हे सांगितले. ती म्हणाली, “आमच्याकडे खाटा किती हे त्यांना विचारू नका. एकोणपन्नास सांगतील, आणि वीस हजार तरीही देणार नाहीत.”

पगाराच्या वीस टक्के बाजूला टाका, असे सगळ्या पुस्तकांत असते. तिचे खोलीभाडे तिघींत वाटून साडेतीन हजार, मेस तीन हजार, घरी पाच हजार. उरलेल्यात रिक्षा, मोबाइल, आजारपण. हिला साधी राहणी शिकवायला कुणी जाऊ नये. तिच्याकडून शिकून यावे. बॉण्ड म्हणून तिची मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात आहेत. ती रात्री सरळसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करते. सरकारी अधिपरिचारिकेचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगात ३५,४००पासून सुरू होतो. तिच्यासाठी कुठल्याही फंडाचा परतावा या एका आकड्याजवळ जात नाही. म्हणून मी तिला फंडाचे काही बोलले नाही. जुने प्रश्नसंच दिले.

९
पतपेढीच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात. कर्जदाराने हप्ते थकवले की जामीनदाराच्या पगारातून कापतात. ड्युटी लिस्टसारखी ही सह्यांची यादीही वॉर्डभर फिरते. नाही म्हणणारी माणूसघाणी ठरते. आमच्या एक सीनियर सिस्टर मात्र कुणालाच जामीन राहत नाहीत. उसने देतात. परत आले नाही तरी झोप उडणार नाही, एवढेच देतात, आणि देताना तसे सांगतात. घेणाऱ्याला ते फार लागते. बहुतेक परत येते.

१०
सोने करताना घडणावळ वेगळी लावतात, वर जीएसटी. मोडताना घडणावळीचे नाव कुणी काढत नाही. हे सगळे खरे. पण रात्री दहा वाजता, कुणाच्या सहीशिवाय, बाईच्या हातात असलेली ठेव तेवढीच असते. घरात किती वादळे येऊन गेली त्यावर हे गणित बदलते.

११
आयसीयूच्या दारात मुलगा चेकबुक घेऊन उभा. वडील व्हेंटिलेटरवर, खाते एकट्याच्या नावावर, पैसे बाहेर हवेत. “सिस्टर, अंगठा घेतला तर चालेल का?”

चालतो, पण असा नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर हाताच्या अंगठ्याचा ठसा चालतो, तो शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचाही. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार हवेत, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. आणि माणूस शुद्धीवर हवा, हे नियमात शोधायला नको. शाईचे पॅड घेऊन आत डोकावणारे नातेवाईक मी पाहिलेत. त्यांना बाहेर काढलेय. ते चोर नव्हते. मेडिकलवाल्याचे बिल हातात होते.

संयुक्त खाते, दोघांपैकी कुणीही सही करू शकेल असे, ही दहा मिनिटांची गोष्ट होती.

रोज हे बघणाऱ्या आमच्यातल्याच एकीच्या बचत खात्याला नॉमिनी म्हणून आईचे नाव होते. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती.

१२
वॉर्डातल्या मावशींच्या साध्या राहणीचे मेट्रनबाईंनी निरोपसमारंभात फार कौतुक केले. दोन साड्या, एसटीचा पास, घरचा डबा, तिन्ही मुले शिकली. मावशींना माइक दिला. “साधी नव्हती हो, दुसरी परवडत नव्हती.”

१३
रोज गणवेश घालणाऱ्या बाईचे कपाट लागत नाही, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

१४
रात्रीचे तीन. वॉर्ड निजलेला. ब्रदर मोबाइलवर ऑप्शन ट्रेडिंगचा व्हिडिओ बघतोय. व्हिडिओतला मुलगा गाडीच्या बॉनेटवर बसलेला. मी सेबीचा सप्टेंबर २०२४चा अभ्यास सांगितला: तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ जणांनी पैसे घालवले, सरासरी दोन लाखांच्या आसपास.
“म्हणजे सात जण कमावतात,” ब्रदर म्हणाला. 
वजाबाकी बरोबर होती.

१५
एक निवृत्त सिस्टर सगळे पैसे एकाच सहकारी बँकेत ठेवतात. व्याज अर्धा टक्का जास्त, मॅनेजर उठून नमस्कार करतो, चहा येतो. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला काढता येत होते फक्त १,००० रुपये. ठेवींचा विमा तेव्हा एका लाखाचा होता. फेब्रुवारी २०२०पासून पाच लाख झाला. प्रत्येक बँकेमागे पाच लाख, व्याज धरून. मी त्यांना म्हटले, चार बँकांत वाटा. त्या म्हणाल्या, “चार ठिकाणी कोण चहा देणार?”

१६
३० लाखांचे घरकर्ज, ८.५ टक्के, २० वर्षे. हप्ता साधारण २६,०३५. एकूण परतफेड साडेबासष्ट लाखांच्या जवळ. वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरला तर कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटते. थकबाकी मिळते, फरकाची रक्कम येते; हे एका हप्त्याला पुरते. पण थकबाकी यायच्या आतच तिच्यावर घरात ठराव झालेला असतो. बहुधा फ्रिज.

१७
पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९मध्ये सेवासदन सुरू केले आणि बायकांना परिचारिकेचे शिक्षण द्यायला घेतले. शिकायला आलेल्यांत विधवा होत्या. परक्या पुरुषांना हात लावायचे काम, म्हणून लोक नावे ठेवत. त्यांच्या सेवेविषयी आदराने बोलले जाते आणि ते रास्तच आहे. मला मात्र पहिल्या पगाराचे कुतूहल आहे. माहेरी आश्रित, सासरी आश्रित, आणि एका एक तारखेला हातात स्वतःचे रुपये. दिराने मागितले असणारच. कुणीतरी एकीने नाही म्हटले असेल.

१८
आमच्याकडे नवीन लागलेली एक जण. एटीएम कार्ड नवऱ्याकडे, पिन लग्नाची तारीख, बँकेचा मेसेज त्याच्या मोबाइलवर. ती स्वतः त्याच्याकडून आठवड्याला पैसे घेते आणि शिल्लक परत करते. “ते बघतात ना सगळे.” तो वाईट माणूस नाही, घराचा हप्ता तोच भरतो, वेळेवर भरतो. तिला मी गुंतवणुकीचे काही सांगितले नाही. एवढेच म्हटले, मेसेज तुझ्या नंबरवर येऊ दे.

ती बँकेत गेली. काउंटरवरच्या माणसाने विचारले, “मिस्टर नाही आले?” 
“त्यांचे खाते दुसऱ्या बँकेत आहे.” 
महिन्याने माझ्याकडे आली. आमच्या पगारातून दर महिन्याला ज्या पॉलिसीचे कापतात ती कसली आहे, हे विचारायला. ‘आमच्या’ म्हणाली.

१९
नव्या करप्रणालीत ८०सीची वजावट नाही, आणि २०२५-२६पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही. नोकरदाराला प्रमाण वजावटीचे ७५,००० धरून पावणेतेरा. आमच्यातल्या बहुतेक जणी त्यात बसतात. विमा-एजंट वर्षानुवर्षे ड्युटीरूममध्ये “सिस्टर, कर वाचेल” म्हणत शिरायचे. या फेब्रुवारीत आले, खुर्ची घेतली, पाणी मागितले. बॅगेची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली. मग म्हणाले, “मुलगी आता कितवीत?”