एकोणचाळीस मिनिटं मागे

देशाला १९०६ साली एक प्रमाणवेळ मिळाली. मुंबईने मात्र स्वतःची वेळ १९५५पर्यंत जपली. ३९ मिनिटं मागे!

काशीदहून अलिबाग, मांडवा, मग लाँचने गेटवे. लोक मुंबईत समुद्र बघतात. तो आमच्या घरामागेच आहे. मी घड्याळं बघतो. ओव्हल मैदानातून राजाबाई टॉवर बघत बसतो. उंची २८० फूट, १८७८ साली पूर्ण झालेला. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने बांधवलेला.

माझ्या मनगटावर बाबांचं चावीचं एचएमटी. ते गेल्यापासून रोज सकाळी चावी मी देतो. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं, म्हणून दुरुस्तीला आणलं होतं. नाही दिलं. बरोबर वेळ मोबाइलमध्ये आहेच. सकाळी ती दोन मिनिटं पुढे सरकवताना बाबांची आठवण येते.