शनवार तेल्यांचा दिवा

अमरावतीच्या माणसाला अलिबागला जायचे म्हणजे बडनेऱ्याला गाडी धरून अकोला, भुसावळ, कल्याण असा सारा मुलूख ओलांडायचा. मी गेलो तो समुद्र पाहायला नव्हे. ‘शनवार तेली’ हे दोन शब्द कित्येक वर्षे मनात घोळत होते.

माझे आजोबा अकोल्याला तेलघाणा चालवीत. सकाळी तेली आडवा आला की अपशकुन मानणारे लोक त्यांच्याच तेलाने देवापुढे दिवा लावीत. शाळेत मी आजोबांचा धंदा ‘किराणा’ असा सांगे. त्यांना ते कळले होते. पण कधी बोलले नाहीत.

कोकणातले बेने इस्रायल हे यहुदी पिढ्यान् पिढ्या तेल गाळीत, शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून ते शनवार तेली. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, तेच आपले पूर्वज, अशी त्यांची परंपरा. 1948 साली इस्रायल राष्ट्र झाले आणि बहुतेक कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. अलिबागच्या इस्रायल आळीतले प्रार्थनामंदिर मात्र उभे आहे. तिथे एका वृद्ध गृहस्थांनी अस्सल कोकणी हेलाच्या मराठीत माझे स्वागत केले.

मी बार मिट्झ्वाचा विषय काढला. मुलाला तेरा वर्षे पूर्ण झाली की धर्माज्ञांची जबाबदारी त्याच्यावर येते. तो सर्वांसमक्ष तोरा वाचतो. वाचकांना मुंज आठवेल. आमच्या घरात तीही नव्हती! अमेरिकेत विसाव्या शतकात या सोहळ्याच्या मेजवानीत मेणबत्त्यांची प्रथा रूढ झाली. मुलगा एकेका आप्ताला नावाने बोलावतो, तो येऊन मेणबत्ती लावतो. एखादी गेलेल्यांच्या नावाची. याला धर्मशास्त्राचा आधार नाही. उलट शब्बाथला अग्नी पेटवणे निषिद्ध, म्हणून शनिवारी हा कार्यक्रम रात्र पडल्यावर करायचा.

“मेणबत्तीचे काय कौतुक!” गृहस्थ हसले. “आमची आई शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काचेच्या पेल्यात खोबरेल घालून वात लावी. पण नाव घेऊन बोलवायचे, हे बरे आहे हो.”

“आमचाही घाणा होता, अकोल्याला,” मी म्हणालो. परक्या माणसापाशी प्रथमच.

“असं? मग तुम्ही सोमवार तेली! सोमवारी बंद ठेवीत असाल ना?”

आजोबांचा घाणा कोणत्या वारी बंद असे, हे मला सांगता येईना.